नदीकाठच्या हॉटेलात चार रात्री: खोली, काठ आणि आसपासचं फिरणं कसं ठरवावं?

काठावरची

नमस्कार मंडळी,

मधोमध मोठी नदी वाहणाऱ्या एखाद्या शहरात चार रात्री राहायचा विचार आहे. बुडापेस्ट, प्राग, पॅरिस आणि बँकॉक ही नावं घरात चर्चेत आहेत, पण पक्कं काहीच नाही. त्यामुळे एका शहरातल्या हॉटेलांची यादी देण्यापेक्षा कुठेही लावून बघता येतील असे निकष कुणी सांगितले तर जास्त उपयोग होईल.

सोबत सत्तरीच्या सासूबाई आहेत. सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात, जिने मात्र जमत नाहीत. मुलगा दहा वर्षांचा आहे.

बुकिंगच्या साइटवर प्रत्येक हॉटेल ‘नदीपासून दोन मिनिटांवर’ असतं आणि फोटोही सगळे सारखेच. नदी दिसणाऱ्या खोलीसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का, आणि मोजले तर मजला कोणता मागावा? दोन काठांपैकी कोणता निवडायचा? रात्रीचा आवाज, डास, पूर यांचं काय? आणि बाहेर पडल्यावर पायी व बोटीने कसं फिरावं, म्हणजे चार दिवस त्याच रस्त्यावर येरझारा होणार नाहीत?

नकाशेवाला

आधी पूल बघा, खिडकी नंतर. हा क्रम उलटा झाला की मुक्काम फसतो.

साइटवर दिसणारं अंतर बहुतेक वेळा सरळ रेषेतलं असतं. समोरच्या काठावरचं देऊळ किंवा किल्ला ३०० मीटरवर दाखवतात, पण मधे पाणी आहे. खरा हिशोब असा: हॉटेलपासून पुलापर्यंत, अधिक पुलाची लांबी, अधिक पलीकडे उतरून त्या ठिकाणापर्यंत. पूल ८०० मीटरवर, नदी २५० मीटर रुंद आणि पलीकडे तेवढंच मागे यायचं असेल तर १८५० मीटर झाले. मिनिटाला ७५ मीटर या साध्या चालीने पंचवीस मिनिटं, तीही फक्त जायची. सासूबाईंचा अर्धा तास तिथेच संपला. पूल स्वतःही लहान नसतो: प्रागचा चार्ल्स पूल ५१६ मीटर लांबीचा आहे, म्हणजे गर्दी नसली तरी सात मिनिटं नुसती पुलावर. म्हणून पायी ओलांडता येईल असा पूल हॉटेलपासून ४००-५०० मीटरच्या आत असेल तरच ते हॉटेल यादीत ठेवा.

पूल नकाशावर दिसला एवढ्याने भागत नाही. तीन गोष्टी तपासा. त्यावर पादचारी मार्ग आहे का? (रेल्वेचा पूल म्हणून लगेच सोडूही नका. जर्मनीतल्या कलोनच्या होहेन्झोलर्न पुलावर रुळांच्या दोन्ही बाजूंना चालायला वाट आहे.) पुलावर चढायचं कुठून? उंच पुलांचा चढ काठाच्या बराच आत सुरू होतो, त्यामुळे पुलाच्या अगदी खाली उभं राहूनही वर जायला दोनशे-तीनशे मीटर शहराच्या दिशेने चालावं लागतं. तिसरं म्हणजे काठावरून थेट वर नेणारा फक्त जिना आहे की उतार किंवा लिफ्टही आहे? रस्त्यावरचे फोटो दाखवणारा नकाशा उघडा आणि पुलाच्या दोन्ही टोकांना ‘उभं राहून’ बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

तीच तपासणी हॉटेलच्या दारापाशी करा. कितीतरी शहरांत हॉटेल आणि नदी यांच्यामधून चार-सहा पदरी रस्ता जातो. खिडकीतून पाणी दिसतं, पण पाण्यापाशी जायला पुढच्या सिग्नलपर्यंत नाहीतर भुयारी मार्गापर्यंत जावं लागतं, आणि भुयारी मार्ग म्हणजे परत जिने. काठावर उतरणाऱ्या पायऱ्यांशेजारी उतार आहे का तेही बघून घ्या.

काठाची निवड. नियम सोपा आहे: तुमचं दिवसाचं फिरणं ज्या काठावर जास्त, त्याच काठावर राहा. समोरचं दृश्य पुलावरून हवं तितकं बघता येतं. बुडापेस्टचा पेश्ट भाग सपाट आणि बुडा डोंगराळ. सासूबाई सोबत असतील तर पेश्ट. तिथे २ नंबरची ट्राम काठाला धरून जाते, त्यामुळे पाय दुखले की बसून नदी बघता येते. प्रागमध्ये जुनं शहर उजव्या काठावर आणि बऱ्यापैकी सपाट आहे. किल्ला डाव्या काठावर उंचावर, पण २२ नंबरची ट्राम वरपर्यंत नेते. डावा-उजवा कसा ओळखायचा, तर प्रवाह ज्या दिशेला जातो तिकडे तोंड करून उभं राहायचं. पत्ते आणि बोटींचे थांबे या हिशोबाने लिहिलेले असतात, नकाशाच्या वर-खाली बाजूंशी त्याचा संबंध नसतो.

अजून एक बारकावा, जो फारसं कुणी बघत नाही: नदीचं वळण. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी खोल आणि वेगवान असतं, काठ उभा असतो, त्यामुळे धक्के आणि बोटींचे थांबे बहुधा तिथेच. अशा हॉटेलातून नदी दोन्ही दिशांना लांबवर दिसते. आतल्या बाजूला गाळ साचून काठ सपाट आणि रुंद होतो, तिथे बागा आणि मोकळ्या जागा मिळतात. मुलाला पळायला जागा हवी तर आतली बाजू चांगली.

निळावंती

खिडकीबद्दल माझं मत नकाशेवाल्यांपेक्षा जरा वेगळं आहे. चार रात्रींपैकी पहाट आणि रात्र हॉटेलातच जाते आणि नदी तेव्हाच सर्वांत सुंदर असते. घरात एक माणूस फार चालू शकत नसेल तर दृश्य असलेली खोली ही त्या माणसाची हक्काची जागा होते. पैसे जरूर मोजा, पण काय मागताय ते नेमकं मागा.

साइटवरचे शब्द नीट वाचा. ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणजे खिडकी नदीकडे. ‘पार्शल रिव्हर व्ह्यू’ म्हणजे खिडकी बाजूच्या गल्लीकडे आणि मान वळवली की पाण्याची पट्टी. ‘रिव्हर साइड’ हा शब्द कधी कधी फक्त इमारतीची बाजू सांगतो, तिथे पहिल्या मजल्यावरून भिंतही दिसू शकते. खोलीच्या नावात जे लिहिलंय तेवढंच बांधील. ‘विशेष विनंती’च्या रकान्यात लिहिलेलं बांधील नसतं.

मजला ठरतो दोन गोष्टींवर: झाडं आणि जहाजं. काठावरची जुनी झाडं १२ ते १८ मीटर सहज वाढतात. मजल्याला सव्वातीन मीटर धरले तर चौथ्या मजल्यापर्यंत उन्हाळ्यात फक्त पानं दिसतात. थंड हवेच्या शहरांत हॉटेलचा फोटो पानगळीनंतर काढलेला असू शकतो, म्हणून फोटोतल्या झाडांवर पानं आहेत का ते बघा आणि तुम्ही कोणत्या महिन्यात जाताय त्याच्याशी जुळवा. दुसरं, डॅन्यूब आणि ऱ्हाइनवरच्या शहरांत लांबलचक प्रवासी जहाजं धक्क्याला लागतात, गर्दीच्या हंगामात एकाला एक चिकटून दोन-तीन. हॉटेल नेमकं धक्क्यासमोर असेल तर खालच्या मजल्यांवरून नदीऐवजी दुसऱ्यांच्या केबिनच्या खिडक्या दिसतात, शिवाय जनरेटरची घरघर. उपग्रह नकाशात हॉटेलसमोर जहाजं उभी दिसतात का ते आधीच कळतं. या दोन्ही कारणांमुळे पाचवा मजला किंवा त्यावरचा मागावा. फार उंच गेलात तर मात्र पाण्याची हालचाल हरवते आणि फक्त शहर दिसतं. पाच ते आठ ही मला सर्वांत बरी पट्टी वाटते. इमारतच बुटकी असेल तर सर्वांत वरचा मजला मागा, आणि लिफ्ट तिथपर्यंत जाते का ते विचारा. जुन्या इमारतींत शेवटचा अर्धा जिना राहून जातो.

आता ऊन. खिडकी पूर्वेकडे असेल (म्हणजे हॉटेल पश्चिम काठावर), तर सकाळी डोळ्यांवर ऊन आणि समोरचा काठ काळसर. संध्याकाळी मात्र सूर्य हॉटेलच्या पाठीमागून समोरच्या इमारतींवर पडतो आणि सगळं उजळतं. खिडकी पश्चिमेकडे असेल तर समोर सूर्यास्त, पण दुपारभर खोली तापते. बुडापेस्टमध्ये बुडाच्या काठावरून संध्याकाळचं संसदभवन बघावं, पेश्टच्या काठावरून सकाळचा राजवाडा. बँकॉकचं ‘वाट अरुण’ हे मंदिर पश्चिम काठावर आहे, त्यामुळे पूर्व काठावरून त्याच्या शिखरामागे सूर्य जाताना दिसतो. उष्ण प्रदेशात पश्चिमेची खोली घेतलीत तर जाड पडदा आणि एसी व्यवस्थित हवाच.

आवाज: नदीवर आवाज लांब जातो. संध्याकाळी पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार असते, त्यामुळे वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो आणि पलीकडच्या काठावरचं गाणंबजावणं आपल्या खोलीत स्पष्ट ऐकू येतं. म्हणून हॉटेलशेजारी काय आहे एवढंच नव्हे, तर समोरच्या काठावर काय आहे तेही बघा: खुल्या गच्चीवरचे बार, तरंगती रेस्टॉरंट, पार्टीच्या बोटींचा धक्का. शेजारी रेल्वेपूल असेल तर पुलापासून लांबची खोली मागा. होहेन्झोलर्नवरून दिवसाला हजारावर गाड्या जातात. खिडकीला दुहेरी काच आहे का आणि ती उघडते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा.

डासांची भीती बहुतेकांना नको तिथे असते. डास वाहत्या पाण्यात नाही, साचलेल्या पाण्यात वाढतात. त्यामुळे मुख्य प्रवाहापेक्षा हॉटेलच्या बागेतलं कमळाचं तळं, बंद पडलेलं कारंजं, शेजारचा संथ ओढा जास्त त्रासाचा. नदीवरून ढगासारखी येतात ती चिलटं बहुधा न चावणारी असतात, पण दिव्याकडे झेपावतात. उपाय एकच: अंधार पडायच्या आधी खिडकी बंद, मग दिवा. बाल्कनीत बसायचं तर आतला दिवा घालवून बसा. नदीही जास्त छान दिसते.

दर्यावर्दी

बोटींचं सविस्तर लिहितो, कारण इथेच सर्वांत जास्त वेळ वाया जातो.

नदीवर तीन जातींच्या बोटी असतात आणि तिन्हींचं काम वेगळं. पहिली ‘तर’, म्हणजे या काठावरून त्या काठावर नेणारी. पूल लांब असेल तर हीच तुमचा पूल. दुसरी नेहमीच्या प्रवाशांची, काठाने थांबे घेत जाणारी. तिसरी पर्यटकांची, फेरी मारून त्याच धक्क्यावर परत आणणारी. पहिल्या संध्याकाळी तिसरीत बसा, कारण शहराची रचना तासाभरात डोक्यात बसते. नंतरचे दिवस पहिल्या दोन वापरा. त्याच पाण्यावरून, त्याच पुलांखालून, बरंच स्वस्तात.

धक्क्यावर चार गोष्टी विचारायच्या. बोट प्रवाहाबरोबर जाणारी की उलट? एकाच तरंगत्या धक्क्याला दोन्ही दिशांच्या बोटी लागतात, आणि बोट वळून उलट्या तोंडाने लागते, त्यामुळे नाकाच्या दिशेवरून अंदाज चुकतो. ही बोट सगळे थांबे घेते का? बँकॉकच्या चाओ फ्राया नदीवर बोटींना वेगवेगळ्या रंगांचे झेंडे असतात आणि झेंड्यानुसार थांबे बदलतात. झेंडा न बघता चढलं तर आपला थांबा समोरून निघून जातो. शेवटची बोट किती वाजता? नोकरदारांसाठीच्या बोटी संध्याकाळी लवकर बंद होतात, नेमक्या ज्या वेळी पर्यटकाला परतायचं असतं. आणि तिकीट धक्क्यावर की बोटीत?

हॉटेलची स्वतःची बोट असेल तर तिचं वेळापत्रक हॉटेल ठरवतानाच मागवून घ्या. बँकॉकमधली बरीच मोठी हॉटेलं साथॉर्नच्या धक्क्यापर्यंत आपली बोट चालवतात, तिथेच सफान ताक्सिन हे स्कायट्रेनचं स्टेशन आहे. सोय उत्तम. पण हॉटेल पलीकडच्या काठावर असेल तर शेवटच्या बोटीनंतर टॅक्सीने लांबचा वळसा.

लांबच्या सहलीसाठी प्रवाहाची दिशा फार महत्त्वाची. ऑस्ट्रियातल्या वाखाऊ खोऱ्यात डॅन्यूबवर क्रेम्सहून मेल्कला, म्हणजे प्रवाहाविरुद्ध, बोटीला साधारण तीन तास लागतात. तेच अंतर उलट दिशेने दीड-पावणेदोन तासांत होतं. म्हणून वरच्या अंगाला आगगाडीने जा आणि बोटीने खाली या. काठ निवांत न्याहाळायचा असेल तर मुद्दाम उलटं करा. अशा बोटी थंडीत बहुधा बंद असतात.

भरती-ओहोटीच्या नद्यांचं गणित वेगळं. लंडनला थेम्सची पातळी मोठ्या भरतीच्या दिवसांत सात मीटरपर्यंत वर-खाली होते. भरती आणि ओहोटीत सहा तासांहून थोडं जास्त अंतर, आणि रोजची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. धक्का तरंगता असतो, काठ स्थिर, त्यामुळे दोघांना जोडणारा पूल भरतीला जवळपास आडवा आणि ओहोटीला चांगलाच उतरता होतो. सासूबाईंसाठी भरतीच्या आसपासची बोट घ्या. गुडघ्यांना पडणारा फरक मोठा आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या काठावर उतरायचा मोह होतो. पाणी कुठल्या दिशेने चढतंय आणि परतीची पायरी कुठे आहे हे बघितल्याशिवाय उतरू नका, आणि थेम्सच्या काठावर जुन्या वस्तू शोधायला बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो हे मुलाला आधीच सांगा.

पाणवठा

पुराबद्दल. घाबरण्यासारखं कमी आणि तपासण्यासारखं जास्त आहे.

तुमची खोली पाचव्या मजल्यावर असल्याने पाणी तिथे येणार नाही, पण हॉटेलचं काळीज तळघरात असतं: वीजजोडणी, पंप, कधी जनरेटर, कधी स्वयंपाकघर, आणि गाड्यांचं पार्किंग. तळघरात पाणी शिरलं की लिफ्ट बंद, दिवे बंद, नळ बंद. मग जिने न चढू शकणाऱ्या माणसासाठी पाचवा मजला ही अडचण होते. म्हणून पावसाळी किंवा बर्फ वितळण्याच्या हंगामात जात असाल तर विचारा: वीजपुरवठ्याची यंत्रणा कोणत्या पातळीवर आहे? नदीच्या विरुद्ध बाजूने बाहेर पडायला दार आणि रस्ता आहे का? भाड्याची गाडी असेल तर ती तळघरात लावू नका.

हंगाम ओळखायचा तर नदी कुठून येते ते बघा. हिमनद्यांवर पोसलेली नदी भर उन्हाळ्यात फुगते, साध्या बर्फावरची वसंतात, आणि पावसाची नदी पावसाबरोबर. बँकॉकला पाऊस ओसरत असताना, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, वरून येणारं पाणी आणि समुद्राची भरती एकत्र आली की काठालगतच्या वस्तीत पाणी येतं, डोक्यावर निरभ्र आभाळ असलं तरी.

खरा पूर येण्याच्या कितीतरी आधी तुमच्या सहलीवर परिणाम होतो. सर्वांत आधी काठाची खालची वाट जाते. पॅरिसमध्ये सीन नदीच्या पाण्यालगतचे रस्ते वाहनांना बंद करून चालायला मोकळे केले आहेत, डाव्या काठावर २०१३ मध्ये आणि उजव्या काठावर २०१७ मध्ये. हिवाळ्यात पाणी चढलं की हेच रस्ते पाण्याखाली जातात. त्यानंतर बोटी थांबतात, कारण पूल जागेवर राहतो, पाणी वर येतं आणि पुलाखालून जायला उंची उरत नाही. जानेवारी २०१८ मध्ये पॅरिसला असंच झालं. बुडापेस्टलाही काठाचा खालचा रस्ता आधी बंद करतात; जून २०१३ मध्ये तिथे डॅन्यूब ८९१ सेंटीमीटरवर गेली होती, तो आजवरचा उच्चांक. ऑगस्ट २००२ मध्ये प्रागची मेट्रोच पाण्यात गेली आणि काही स्थानकं उघडायला कित्येक महिने लागले.

उलट टोकही लक्षात ठेवा. दुष्काळात नदी इतकी उतरते की मोठी जहाजं अडतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये ऱ्हाइनवर जर्मनीतल्या काउब इथे पाणीपातळीच्या मोजपट्टीवर फक्त २५ सेंटीमीटर होते. हा आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. मोजपट्टीचं शून्य तळाच्या वर ठरवलेलं असतं, जहाजांच्या मार्गात तेव्हाही मीटरभराहून जास्त पाणी होतं. म्हणून नुसता आकडा वाचून घाबरू नका किंवा निर्धास्त होऊ नका. आदल्या दिवशीचा आकडा बघा, आजचा बघा, पाणी चढतंय की उतरतंय ते ठरवा. बहुतेक मोठ्या नद्यांचे हे आकडे सरकारी जलविभाग रोज प्रसिद्ध करतात. तुमच्या शहरापेक्षा वरच्या अंगाच्या एखाद्या शहराचा आकडा बघितलात तर सावकाश वाहणाऱ्या मोठ्या नदीवर दोन-तीन दिवस आधी अंदाज येतो. डॅन्यूबवर तर हे फारच उपयोगी.

आणि पायऱ्या. पाण्यालगतच्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळं असतं, कोरड्या दिसल्या तरी. मोठी बोट गेल्यावर तिची लाट अर्ध्या-एक मिनिटाने काठाला येते, तेव्हा बोट लांब गेलेली असते आणि कुणाचं लक्ष नसतं. मुलाला पाण्याकडे पाठ करून फोटोला उभं करू नका. जिथे आडवा बंधारा आहे तिथे खालच्या बाजूला पाण्यात पाऊल नको. पाणी संथ दिसतं, पण आत परत ओढत राहतं.

काठावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. पुलाचा हिशोब लावल्यावर यादीतली तीन हॉटेलं लगेच गळली!

दोन गोष्टी अजून विचारते. दुपारी उन्हात सासूबाईंना कुठल्या बाजूने न्यावं? आणि मुलाला चार दिवस नदीतच रस कसा वाटेल? संग्रहालयांना तो लगेच कंटाळतो.

नकाशेवाला

सावलीचं उत्तर नदीच्या दिशेवर आहे. उत्तर गोलार्धात नदी पूर्व-पश्चिम वाहत असेल तर दक्षिण काठावरच्या इमारतींची सावली त्यांच्या उत्तरेला, म्हणजे नेमकी नदीलगतच्या वाटेवर पडते. पॅरिसमध्ये म्हणूनच उन्हाळ्याच्या दुपारी डावा काठ आणि हिवाळ्यात उजवा. नदी उत्तर-दक्षिण असेल (बुडापेस्ट), तर सकाळी पूर्व काठावर सावली आणि दुपारनंतर पश्चिम काठावर.

सासूबाईंसाठी येरझारा नको, वर्तुळ ठेवा: एका काठाने जायचं, पूल ओलांडायचा, दुसऱ्या काठाने येऊन दुसऱ्या पुलाने परत. दोन पुलांमध्ये ५०० मीटर आणि नदी २५० मीटर रुंद असेल तर पूर्ण फेरी दीड किलोमीटर, म्हणजे वीस मिनिटांची चाल. मधे बाक किती आणि स्वच्छतागृह कुठे हे नकाशात खूण करून ठेवा. आणि काठाची वाट सलग आहे असं गृहीत धरू नका. जुने धक्के, खासगी इमारती, बोटींच्या संस्था यांच्यापाशी वाट मधेच शहरात वळते. थेम्सच्या काठावर तर असं बऱ्याच ठिकाणी होतं. असा वळसा म्हणजे बहुधा पायऱ्या किंवा रहदारी, म्हणून पहिली फेरी तुम्ही एकट्याने मारून या.

पुलावर वारा काठापेक्षा जास्त लागतो. उन्हाळ्यातल्या संध्याकाळीही शाल असू द्या. सायकली घेणार असाल तर जाताना वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे दमलेल्या पायांनी परतताना वारा पाठीशी राहील.

पायवाट

मुलाचं उत्तर मी देते, कारण मला हा भाग सर्वांत आवडतो. नदी वाचायला शिकवा.

पहिल्या दिवशी पाणीपातळीची मोजपट्टी शोधायला लावा, ती पुलाच्या खांबावर किंवा धक्क्याच्या भिंतीवर रंगवलेली असते. रोज सकाळी आकडा लिहायचा, चार दिवसांत चढ-उतार स्वतः सांगता येतो. मग पुराच्या खुणा. जुन्या शहरांत घरांच्या, चर्चच्या भिंतींवर रेघ आणि साल कोरलेलं असतं. पॅरिसला अल्मा पुलाखाली झुआव्ह (जुन्या फ्रेंच सैन्यातल्या एका पलटणीच्या) सैनिकाचा पुतळा आहे. लोक त्याच्याकडे बघून पाणी किती चढलं ते सांगतात. १९१० च्या पुरात पाणी त्याच्या खांद्यांपर्यंत आलं होतं आणि ऑस्टरलिट्झ पुलाच्या मोजपट्टीवर ८.६२ मीटरची नोंद झाली. पुतळ्याची उंची आणि आजचं पाणी यांत किती अंतर आहे, हे मुलाने काढायचं.

प्रवाहाचा वेग मोजता येतो. कठड्यालगत पन्नास पावलं मोजा (मोठ्यांची साधारण ३५ मीटर), तरंगत जाणारं पान त्या टप्प्यातून किती सेकंदांत जातं ते बघा. काठाजवळ एकदा आणि पुलावरून मधल्या धारेत एकदा. मधे वेग जास्त निघतो, कारण काठ आणि तळ पाण्याला अडवतात. भरतीच्या नदीवर तर दुपारी पान उलट्या दिशेने जाताना दिसू शकतं. पुलाच्या खांबांना टोकदार नाक कोणत्या बाजूला आहे ते विचारा. जुन्या पुलांवर ते वरच्या अंगाला असतं, वाहून आलेला लाकूडफाटा आणि बर्फ फोडायला.

मोठ्यांसाठी एवढंच: जुनं शहर बहुधा जिथे नदी ओलांडणं सोपं होतं तिथे, आणि पुरापासून थोड्या उंचीवर वसलेलं असतं. सखल भागात गोदामं, कारखाने, रेल्वे आली आणि आता तिथेच नवी संग्रहालयं आहेत. पॅरिसचं ओर्से हे रेल्वे स्टेशन होतं, १९८६ पासून संग्रहालय. लंडनचं टेट मॉडर्न हे वीजकेंद्र होतं, २००० मध्ये उघडलं. अशा इमारती प्रशस्त असतात, लिफ्ट असते, त्यामुळे सासूबाईंची दुपार तिथे चांगली जाईल. नदीतलं बेटही एक सकाळ राखून बघा, बुडापेस्टचं मार्गिट बेट सपाट आहे, झाडी भरपूर.

निळावंती

काठावरची, हॉटेल पक्कं करण्याआधी हा मजकूर पाठवा, लेखी उत्तर घ्या. फोनवर विचारलं तर सगळ्याचं उत्तर ‘हो’ येतं.

‘आम्ही चार जण आहोत, त्यात एक ज्येष्ठ नागरिक जिने चढू शकत नाहीत. कृपया कळवा:
१. आम्हाला मिळणारी खोली कोणत्या मजल्यावर असेल आणि तिची खिडकी थेट नदीकडे आहे की बाजूला?
२. आम्ही येणार त्या महिन्यात झाडांमुळे किंवा समोर उभ्या जहाजांमुळे दृश्य अडतं का?
३. मुख्य दारापासून लिफ्टपर्यंत आणि लिफ्टपासून खोलीपर्यंत एकही पायरी आहे का?
४. टॅक्सी नेमकी कुठे थांबते? नदीच्या बाजूने की मागच्या रस्त्याने?
५. नदीलगतच्या वाटेवर पायऱ्यांशिवाय उतरायची सर्वांत जवळची जागा कोणती?
६. त्या काळात इमारतीच्या दर्शनी भागाचं, समोरच्या पुलाचं किंवा धक्क्याचं दुरुस्तीचं काम चालू असणार आहे का?’

चौथा प्रश्न गाळू नका. काठालगतचा रस्ता बऱ्याच ठिकाणी फक्त पादचाऱ्यांचा असतो किंवा तिथे गाडी थांबवायला बंदी असते. नकाशातली खूण मात्र नदीकडच्या दारावर असते, आणि चालक तिथे सोडून निघून गेला की सामान ओढत पूर्ण इमारतीला वळसा पडतो. मागच्या दाराचा पत्ता वेगळा असेल तर तो स्थानिक लिपीत लिहून मागवा आणि चालकाला तोच दाखवा. सहाव्याचं उत्तर ‘हो’ आलं तर कोणत्या बाजूला परांची आहे ते विचारून विरुद्ध टोकाची खोली मागा, नाहीतर तारखा बदला.